बंद दार आणि कोंडलेला श्वास



लोणच्याला बुरशी का येते, रेशमी साडीवरचा तेलकट डाग कसा काढावा, मुलांच्या डब्याला रोज नवे काय द्यावे, असे प्रश्न आपण या सदरात नेहमी घेतो. आजचा विषय त्यांतला नाही. पण एका भगिनीचे पत्र आले आणि ते बाजूला ठेवता येईना. नाव-गाव अर्थातच देत नाही. मजकूर थोडक्यात असा :

"दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत माझी धाकटी जाऊ सकाळी आंघोळीला गेली ती बाहेर आलीच नाही. कडी तोडून पाहिलं तर खाली पडलेली. अंगावर जखम नाही, ओरखडा नाही. डॉक्टर म्हणाले, पोलिसांना कळवून शवविच्छेदन करावं लागेल. मामंजी म्हणाले, 'पोरीची चिरफाड नको.' कुणाच्या तरी ओळखीतून हार्टफेलचा दाखला मिळाला आणि दुपारपर्यंत सारं उरकलं. न्हाणीघर अजून तेच आहे आणि त्यातला गॅसचा गीझरही तोच आहे. यंदा थंडी पडल्यापासून माझी मुलगी आंघोळीहून आली की डोकं धरून बसते, मळमळतं म्हणते. मला एवढंच विचारायचं आहे, की त्या दिवशी शवविच्छेदन केलं असतं तर नेमकं काय कळलं असतं? आणि आता मी काय करू?"

बाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते थांबण्यासारखे नाही. हे वाचताक्षणी तो गीझर बंद करा. सिलिंडरचा कॉक फिरवून बंद करा आणि घरात सर्वांना निक्षून सांगा, की तो पुन्हा पेटवायचा नाही. चार दिवस पाणी चुलीवर नाहीतर गॅसच्या शेगडीवर तापवून घ्या. मुलीला डॉक्टरांकडे न्या आणि "बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू असतो" हे वाक्य न विसरता सांगा. बाकीचे सावकाश वाचलेत तरी चालेल.

श्वास कोंडणे म्हणजे काय

श्वास कोंडून येणाऱ्या मरणाला डॉक्टरी भाषेत अस्फिक्सिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'नाडी नसणे' असा आहे. आता मात्र शरीराला, विशेषतः मेंदूला, प्राणवायू न मिळणे या अर्थाने तो वापरतात. मेंदूचा प्राणवायू पुरता तुटला तर चारसहा मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते. भात शिजायला लागतो त्याच्या निम्माही वेळ नाही हा.

प्राणवायू तुटायच्या वाटा अनेक. कधी आजूबाजूच्या हवेतच तो नसतो. कधी हवा असते, पण घशात घास किंवा नाणे अडकते. कधी गळ्यावर बाहेरून दाब येतो. कधी श्वासनळीत पाणी जाते. आणि कधी तर हवा छातीत जाते, पण रक्तच ती उचलू शकत नाही. या शेवटच्या वाटेने घरबसल्या, गुपचूप आणि आरडाओरडा न होता जीव जातो. तुमच्या जावेचे तसे झाले असेल का, हे आता कोणीच खात्रीने सांगू शकणार नाही. त्या दिवशी सांगता आले असते.

रक्ताची साक्ष

गॅस, कोळसा, लाकूड, रॉकेल, पेट्रोल यांतले काहीही जळताना हवा कमी पडली, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. आता तुम्ही म्हणाल, "गॅसचा तर वास येतो की!" येतो, पण तो न जळलेल्या गॅसचा. गळती समजावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य घातलेले असते. ज्योत पेटली की तेही जळून जाते. म्हणजे वास नाही म्हणून धोका नाही, हा हिशेब इथे चालत नाही.

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पटींनी घट्ट चिकटतो. बसमध्ये सगळ्या जागांवर कोणी रुमाल टाकून ठेवावेत आणि खरे प्रवासी स्टँडवरच राहावेत, तसे होते. छाती वरखाली होत असते, पण रक्त रिकामेच फिरते. आधी डोके दुखते, मग मळमळते, गरगरते, पायांतले बळ जाते. दार दोन हातांवर असते, पण तिथवर जाऊन कडी काढायचे त्राण राहत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. माणूस गेल्यावर रक्त फिरायचे थांबते आणि देहाच्या खालच्या अंगाला साकळते. तिथल्या कातडीवर एरवी निळसर जांभळी झाक येते. या वायूने मृत्यू आला असेल तर तीच झाक गुलाबी लाल दिसते. सावळ्या वर्णावर ती चटकन कळत नाही, म्हणून डॉक्टर नखे, ओठांची आतली बाजू आणि देहाच्या आतले अवयव पाहतात. पण नुसत्या रंगावर कोणी निकाल देत नाही, कारण कडाक्याच्या थंडीत ठेवलेल्या देहावरही तसा रंग येऊ शकतो. म्हणून रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जातो. हिमोग्लोबिनचा किती भाग या वायूने अडवला होता, ते तिथे आकड्यात कळते. तो एक आकडा तुमच्या घरी आला असता, तर गीझर त्याच आठवड्यात भिंतीवरून उतरला असता.

हे काही फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. एमील झोला हे फ्रान्सचे जगप्रसिद्ध कादंबरीकार. १९०२ सालच्या सप्टेंबरात पॅरिसमधल्या आपल्या घरी ते निजले. खोलीत शेकोटी पेटवली होती आणि तिचे धुराडे तुंबलेले होते. रात्री नवराबायको दोघांनाही अस्वस्थ वाटले. पोटाचे काही असेल असे समजून त्यांनी नोकरांना उठवले नाही. सकाळी झोला गेलेले होते, पत्नी कशीबशी वाचली. रक्त तपासले तेव्हा त्यात हाच वायू सापडला. 'पोटाचे काही असेल, पित्त झाले असेल' हा समज आजही किती घरांत होतो, पाहा. म्हणून एक खूणगाठ बांधून ठेवा : एकाच खोलीत दोघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळू लागले आणि खोलीत काही जळत असले, तर ते पित्त नव्हे. आधी दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. औषधाचे पुढे बघता येईल.

गॅस गीझरची जागा न्हाणीघरात नाही. तो आणि त्याचा सिलिंडर दोन्ही बाहेर, मोकळ्या गच्चीत किंवा उघड्या गॅलरीत हवेत, आणि पाणी नळाने आत यावे. तशी सोय होईपर्यंत दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गीझर बंद करावा, मगच आंघोळीला जावे. झरोक्याला थंडी वाजते म्हणून पुठ्ठा लावू नये. नुसता एक्झॉस्ट पंखा बसवून भागत नाही, बाहेरची हवा आत यायलाही वाट हवी. ज्योत निळी असावी. पिवळी दिसू लागली की मेकॅनिकला बोलवावे, पण ज्योत निळी आहे म्हणून दार लावून घ्यावे असे मात्र नाही.

आणि बाळंतिणीची खोली! आपल्याकडे वारा लागू नये म्हणून फटीसुद्धा बुजवतात आणि बाजेखाली निखाऱ्याची शेगडी सरकवतात. वर ओवा-शेपाची धुरी. धूर संपला, निखारे लालभडक झाले की आजी म्हणते, "आता काही त्रास नाही." धूर नसतो हे खरे, पण वायू असतोच. शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवून द्यावा, आणि निजायच्या आधी शेगडी खोलीबाहेर न्यावी. कोनाड्यात नव्हे, पार अंगणात. शेगडी पेटती ठेवून दार लावून झोपणे हे कोणत्याही ऋतूत, कोणत्याही गावात नको.

कोणी असे पडलेले दिसले तर दार सताड उघडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्या हवेत ओढून आणा आणि १०८ ला फोन करा. बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजायचे यंत्र हल्ली घरोघरी असते. या विषबाधेत ते फसवते. वायूने अडवलेल्या रक्तालाही ते चांगले रक्त समजते आणि आकडा ९८ दाखवते. त्यावर विसंबून घरी थांबू नका. इस्पितळात मास्क लावून शुद्ध प्राणवायू देतात. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू निघून जायला चारपाच तास लागतात, तो अशा प्राणवायूने तासा-दीड तासात निघतो.

घास अडकला तर

शवविच्छेदनातून घराघरांत शहाणपण कसे येते याचे एक सुरेख उदाहरण सांगते. अमेरिकेत हॉटेलात जेवताजेवता माणसे एकाएकी कोसळत आणि दगावत. ओरडणे नाही, काही नाही. सगळे समजत, हृदयविकाराचा झटका. फ्लोरिडातले शवचिकित्सक हॉगेन यांनी अशा लोकांची तपासणी केली, तेव्हा घशात मांसाचा मोठा तुकडा अडकलेला सापडला. हृदय बिचारे निर्दोष होते! १९६३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. बोलता न येणे हेच घास अडकल्याचे लक्षण, हे तेव्हा लोकांच्या ध्यानात येऊ लागले. पुढे १९७४ साली डॉक्टर हाइमलिक यांनी पोटावर दाब देऊन अडकलेला घास बाहेर काढण्याची युक्ती मांडली आणि ती जगभर गेली. मेलेल्यांच्या घशात पाहिले म्हणून जिवंतांचे गळे मोकळे झाले.

आपल्याकडे ठसका लागला की टाळूवर थापट्या मारून "वर बघ, वर बघ" म्हणतात. त्याने काही होत नाही. माणूस खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे, खोकल्यासारखा उपाय नाही. पण खोकता येत नाही, आवाज फुटत नाही, हात गळ्याकडे गेले आहेत असे दिसले तर वेळ दवडू नका. त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्या. घास निघाला नाही तर मागे उभे राहून बेंबीच्या जरा वर एक मूठ ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा आणि आत व वर असे पाच हिसके द्या. घास निघेपर्यंत आळीपाळीने हेच करा आणि कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. माणूस बेशुद्ध पडला तर त्याला जमिनीवर उताणे निजवून छातीवर दाब द्यायला लागा. गरोदर बाईच्या पोटावर दाब नको, छातीवर द्यावा. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, पाठीवर पाच थापा द्याव्यात, मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबावे. बाळाच्या पोटावर दाब कधीही नाही. दिसत नसताना घशात बोट घालू नये, वस्तू आणखी आत जाते. वरून पाणी पाजणे किंवा केळे खाऊ घालणे हेही नको.

चारपाच वर्षांपर्यंतच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत, कूट करून द्यावे. द्राक्ष उभे चिरून द्यावे. फुटलेल्या फुग्याचे तुकडे, नाणी आणि खेळण्यांतले बटणासारखे गोल सेल त्यांच्या हाती लागू देऊ नयेत. तान्ह्या बाळाला पालथे नव्हे, उताणेच निजवावे, तोंडाशी उशा-दुपटी नसावीत. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून आयांना हेच समजावून सांगितले गेले आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून खाली आली.

जिथे देह गप्प राहतो

सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवे होती. २००५ च्या महापुराने त्यांतली बहुतेक निकामी केली. पेव बंद केले की आतला प्राणवायू संपतो, म्हणून कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. ज्या हवेत कीड जगत नाही त्या हवेत माणूस कसा जगेल? म्हणून जाणते लोक पेव उघडल्यावर बराच वेळ तसेच ठेवून मगच आत उतरत. जुन्या विहिरी, शौचालयाच्या टाक्या, बंद पडलेले हौद यांतही हाच धोका असतो, आणि टाक्यांत तर विषारी वायूही असतात. एक उतरतो, कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. घरातली बाई काठावर उभी राहून पाहते. तिने त्या वेळी एकच करावे : दुसऱ्याला उतरू देऊ नये. मन घट्ट करून अडवावे आणि अग्निशामक दलाला १०१ किंवा ११२ वर बोलवावे.

हे इथे सांगायचे कारण वेगळे. प्राणवायू नसलेल्या हवेत माणूस गेला तर देहावर जवळजवळ काहीच खूण राहत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या तार्दिय नावाच्या डॉक्टरांना गुदमरून गेलेल्यांच्या फुप्फुसांवर रक्ताचे बारीक ठिपके दिसले. तीच गुदमरल्याची खात्रीची खूण, असे पुष्कळ वर्षे मानत. आज माहीत आहे, की ते ठिपके इतर मृत्यूंतही दिसतात आणि गुदमरूनही कधी दिसत नाहीत. म्हणून डॉक्टरला देहाइतकीच जागेची साक्ष लागते. दार आतून बंद होते का, गीझर चालू होता का, खिडकी उघडी होती का, कपडे कसे होते? हे सांगणार कोण? घरातली माणसेच. न्हाणीघर धुऊन टाकले, कपडे बदलले, "काही नाही, चक्कर आली" असे सांगितले, तर हुशारातला हुशार डॉक्टरही अंधारात चाचपडतो.

जी स्वतः सांगू शकत नाही, तिच्यासाठी

आता जरा कठीण भाग. घरातल्या बाईचा मृत्यू नेहमीच अपघात नसतो. "स्टोव्हचा भडका उडाला", "विहिरीत पाय घसरला", "गळफास घेतला" ही वाक्ये आपण किती ऐकली! कधी ती खरी असतात, कधी नसतात. खरेखोटे करायला ती स्वतः नसते.

तिसऱ्या शतकातल्या चीनमधली एक कथा सांगतात. घर जळाले आणि नवरा आत मेला, असे बायकोने सांगितले. झांग ज्यू नावाच्या अधिकाऱ्याला शंका आली. त्याने दोन डुकरे घेतली, एक मारून आणि एक जिवंत आगीत टाकले. जिवंत जळालेल्या डुकराच्या तोंडात राख सापडली, मेलेल्याच्या तोंडात नाही. नवऱ्याच्याही तोंडात राख नव्हती. प्रयोग क्रूर, पण तत्त्व आजही तेच आहे. आगीत सापडलेला माणूस श्वास घेत असेल तर श्वासनळीत काजळी आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड बहुधा सापडतो. मेल्यावर जाळले तर श्वासच नाही, मग काजळी आत जाणार कशी?

गळ्याचेही तसेच. फासाचा वळ आणि हाताने किंवा दोरीने आवळल्याचा वळ यांची जागा व दिशा सहसा वेगळी असते. त्वचेखालच्या स्नायूंतले रक्त, जिभेच्या मुळाशी असलेले हायॉईड नावाचे नालेच्या आकाराचे नाजूक हाड, नखांचे ओरखडे, हे सारे डॉक्टर थराथराने पाहतात. पाण्यात सापडलेला देह असेल तर फेस, फुप्फुसे, आणि पाण्यातले सूक्ष्म शेवाळ देहात कुठवर गेले ते पाहतात. आपल्या देशात जयसिंग मोदी यांचा न्यायवैद्यकावरचा ग्रंथ १९२० साली निघाला, त्याच्या नव्या आवृत्त्या अजून निघतात. म्हणजे ही विद्या आपल्याकडे काल-परवाची नाही. एक मात्र लक्षात असू द्या : मृत्यू कशाने आला ते डॉक्टर सांगतो. कोणामुळे आला हे तपासात आणि कोर्टात ठरते.

कायदाही याच कारणाने आला. हुंड्यापायी सुनांचे बळी जात होते, म्हणून १९८३ साली फौजदारी प्रक्रियेत दुरुस्ती झाली. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत बाईने आत्महत्या केली, किंवा तिच्या मृत्यूत कोणाचा हात असल्याची वाजवी शंका आली, किंवा तिच्या नातेवाइकाने मागणी केली, तर देह डॉक्टरी तपासणीला पाठवायचा. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. सात वर्षांच्या आतल्या संशयास्पद मृत्यूला हुंडाबळी ठरवणारे कलम १९८६ साली आले. ते आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८० आहे. म्हणजे आईबापांनो, लेकीचा असा निरोप आला तर तुम्ही स्वतः मागणी करू शकता. "आता काय उपयोग" म्हणून सही करून मोकळे होऊ नका.

आणि सासरच्यांनाही सांगते. खरोखरच अपघात असेल तर शवविच्छेदन तुमच्या विरुद्ध नाही, तुमच्या बाजूनेच बोलेल. घाईने उरकलेल्या अंत्यविधीने संशय जळत नाही. तो दोन्ही घरांत वर्षानुवर्षे धुमसत राहतो.

जिवंतपणीची गोष्ट तर त्याहून महत्त्वाची. भांडणात कोणी गळा दाबला आणि सोडून दिला, तर "सोडलं ना, झालं" म्हणू नका. कित्येकदा बाहेर वळही उमटत नाही. पण आवाज घोगरा झाला, गिळताना दुखू लागले, डोळ्यांत लाल ठिपके आले, श्वास जड वाटला, क्षणभर शुद्ध हरपली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आतली सूज काही तासांनीही वाढू शकते. आणि जो एकदा गळ्याला हात लावतो तो पुन्हा लावणार नाही, असे धरून चालू नका. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घरातच संरक्षण मागता येते. स्वतःच्याच मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर १४४१६ वर बोला. कोणाशी तरी बोला, पण एकटी राहू नका.

प्रत्यक्षात काय होते

पुष्कळांचा विरोध भीतीपोटी असतो, म्हणून थोडे सांगते. पोलीस दोघा पंचांसमक्ष पंचनामा करतात आणि देह सरकारी डॉक्टरकडे जातो. आधी कपडे आणि बाहेरून देह पाहतात, मग डोके, छाती, पोट तपासतात. शेवटी नीट टाके घालून देह शिवतात. अंगावर साडी नेसवली की टाके दिसत नाहीत. चेहरा पाहता येतो, सवाष्णीची ओटी भरता येते, सारे विधी करता येतात. सरकारी रुग्णालयात याचे पैसे लागत नाहीत. पूर्वी सूर्यास्तानंतर शवविच्छेदन होत नसे. नोव्हेंबर २०२१ पासून, जिथे सोय आहे तिथे रात्रीही करायला केंद्र सरकारने परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, घातपाताचा संशय अशी प्रकरणे सहसा दिवसाउजेडीच होतात. कधी कागदावर "मत राखून ठेवले" असे लिहितात. त्याने घाबरू नका. रक्ताचा किंवा व्हिसेराचा नमुना प्रयोगशाळेत गेला आहे, अहवाल आल्यावर कारण लिहितील, एवढाच त्याचा अर्थ. मात्र तो अहवाल आला का, याचा पाठपुरावा घरच्यांनीच करायचा असतो.

असा प्रसंग कोणावर न येवो. पण आलाच तर हे पाळा :

१. आधी जीव वाचवायची धडपड. धुगधुगी नाही असे आपण ठरवू नये.

२. फास कापावा लागला तर गाठ सोडू नका, गाठीपासून दूर कापा.

३. जीव नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर देह धुऊ नका, कपडे बदलू नका, खोली आवरू नका.

४. गीझर, शेगडी, दार, खिडकी कशी होती ते आठवेल तसे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा.

५. पोलिसांना आणि डॉक्टरांना पाहिले तेवढेच सांगा. तर्क नको आणि लपवालपवीही नको.

६. शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. अहवालाची प्रत मागून घ्या.

७. कारण कळले की घरात जे बदलायचे ते त्याच आठवड्यात बदला.

'चिरफाड' हा शब्दच वाईट आहे. तो उच्चारला की आपण डोळे मिटून घेतो. पण गेलेल्या माणसाला आता दुखत नाही. दुखणार आहे ते उद्या त्याच न्हाणीघरात जाणाऱ्याला. घरात मृत्यू येऊन गेला आणि त्याचे कारण कोणी विचारले नाही, तर तो त्याच वाटेने पुन्हा येऊ शकतो. म्हणून थोरल्यांचा मान राखून, पण न कचरता, घरातल्या बाईनेच विचारावे, "का गेली?"

पुढच्या अंकी नेहमीप्रमाणे पत्रोत्तरे घेऊ. तोवर आज संध्याकाळी एवढे करा : न्हाणीघराच्या झरोक्याला कोणी पुठ्ठा लावला असेल तर तो काढून टाका.